डॉ. जेर्सन द कुन्हा आणि वसईचा इतिहास : एका शस्त्रवैद्याच्या संशोधनाचें मूल्यमापन

१. प्रस्ताव

वसईच्या किल्ल्यासंबंधानें आजवर जें कांहीं लिहिलें गेलें आहे, त्याचा धागा हातीं धरून मागें मागें जाऊं लागलें म्हणजे तो बहुधा एकाच ग्रंथापाशीं येऊन थांबतो. तो ग्रंथ म्हणजे डॉ. जोझे जेर्सन द कुन्हा यांनीं इ. स. १८७६ सालीं मुंबईस प्रसिद्ध केलेला ‘चौल व वसई यांचा इतिहास व प्राचीन अवशेष’ या विषयावरील इंग्रजी ग्रंथ होय. ग्रंथकर्ते व्यवसायानें वैद्य. इंग्लंडांतील शस्त्रवैद्यांच्या रॉयल कॉलेजचे सभासद व एडिंबरोच्या वैद्यसंस्थेचे सनदधारक. मुंबईस रोग्यांच्या नाड्या पाहतां पाहतां त्यांनीं पंचवीस-तीस वर्षें जुनीं नाणीं, शिलालेख, हस्तलिखितें व पोर्तुगीज बखरी यांचा व्यासंग केला.

हल्लीं संशोधकाची थोरवी त्याच्या लेखांचा आधार इतरांनीं किती वेळां घेतला, या संख्येवरून मोजण्याची रीत पडली आहे. शास्त्रीय विषयांत ही मोजणी सोयीची असेल. परंतु इतिहाससंशोधनांत नुसती संख्या फसवी ठरते, असें आमचें मत आहे. आधार तीन प्रकारचे असतात. ग्रंथकाराचें नांव घेऊन दिलेला तो पहिला. दुसऱ्या ग्रंथाच्या द्वारें, नांव गळून, पुढें चाललेला तो दुसरा. आणि मूळ साधन नष्ट वा अवाच्य झाल्यामुळें संशोधकाची नक्कलच मूळाच्या जागीं येऊन बसते तो तिसरा. या तिसऱ्या प्रकारांत संशोधकाचा मान सर्वांत मोठा, आणि त्याच्या चुकीचा धोकाही सर्वांत मोठा. द कुन्हा यांच्या कार्यांत हे तिन्ही प्रकार एकत्र पाहावयास सांपडतात, म्हणून त्यांचें उदाहरण आम्हीं येथें विचारास घेतलें आहे.

२. चरित्र व व्यासंग

द कुन्हा यांचा जन्म इ. स. १८४४ सालीं गोमंतकांतील बारदेश प्रांतीं हडफडें गांवीं झाला. विलायतेंतून वैद्यकीच्या सनदा मिळविल्यावर त्यांनीं मुंबईस व्यवसाय मांडला. इ. स. १८७१-७२ मध्यें मुंबईंत डेंग्यू तापाची सांथ पसरली होती. तिच्यासंबंधीं स्वतःच्या निरीक्षणांसह त्यांनीं इ. स. १८७२ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. रोगाचा इतिहास प्रथम, लक्षणें मागाहून व उपचार शेवटीं, असा त्या पुस्तकाच्या नांवांतच क्रम आहे. रोग्याची पूर्वपीठिका विचारल्यावांचून निदान करूं नये हा वैद्यकाचा पहिला पाठ; आणि स्थळाची पूर्वपीठिका शोधल्यावांचून भग्नावशेषांविषयीं बोलूं नये हा इतिहासाचा पहिला पाठ. दोहोंत फारसें अंतर नाहीं.

यानंतर त्यांच्या लेखांचा ओघ सुरू झाला तो अखेरपर्यंत आटला नाहीं. इ. स. १८७४ सालीं ‘इंडियन अँटिक्वरी’ मासिकांत मुंबई व आसपासच्या स्थलनामांवर, तसेंच गोमंतकांतील श्रीसप्तकोटीश्वराच्या देवस्थानावर त्यांचे लेख आले. इ. स. १८७५ सालीं सिंहलद्वीपांतील बुद्धाच्या दंतधातूचा इतिहास, १८७६ सालीं चौल-वसई, १८७७ सालीं सह्याद्रिखंडाची संहिता, १८८१ सालीं कोंकणी भाषा व वाङ्मय यांवरील निबंध, त्याच सुमारास पोर्तुगीज-हिंदी नाण्यांवरील लेखमाला, आणि १८८८ पासून स्वतःच्या नाणेसंग्रहाची यादी, अशी ही परंपरा आहे. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत त्यांचे अंजदीव बेटावर, गोव्यांतील इंग्रजांच्या स्मारकांवर व इतर विषयांवरही निबंध आहेत. इ. स. १९०० सालीं मुंबईच्या उत्पत्तीवरील त्यांचा मोठा ग्रंथ त्याच नियतकालिकाचा जादा अंक म्हणून निघाला आणि त्याच वर्षीं ते निवर्तले.

त्यांचा लौकिक मुंबईपुरता राहिला नाहीं. इटलींतील फ्लॉरेन्स येथील संस्कृतपंडित आंजेलो दे गुबेर्नातिस यांच्याशीं त्यांचा स्नेह होता, आणि इ. स. १८७८ सालीं फ्लॉरेन्स येथें भरलेल्या प्राच्यविद्यापरिषदेच्या कार्यवृत्तांत पोर्तुगीजांच्या प्राच्यविद्याभ्यासावरील त्यांचा निबंध आहे. फिलिपा लोंद्स विसेंते या पोर्तुगीज विदुषीनें इ. स. २००९ सालीं फ्लॉरेन्स व मुंबई यांमधील विद्येच्या देवघेवीवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत द कुन्हा हे एक प्रमुख पुरुष आहेत.

३. वसईचा ग्रंथ

वसईचा ग्रंथ लिहिला गेला तेव्हां साधनांची स्थिति काय होती, हें ध्यानांत घेतल्यावांचून त्याची किंमत कळणार नाहीं. ग्रांट डफचा इतिहास इ. स. १८२६ चा, त्यांत वसईचा वेढा थोडक्यांत आला आहे. गोव्यास कुन्हा रिवारा यांनीं पोर्तुगीज दप्तरांतील कागद इ. स. १८५७ पासून छापावयास आरंभ केला होता. ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर अद्याप निघावयाचें होतें. सोपाऱ्याचा स्तूप बुरुड राजाच्या कोटांत झांकलेलाच होता; पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो इ. स. १८८२ च्या एप्रिलांत उघडला. अशा वेळीं द कुन्हा यांनीं एकीकडे पोर्तुगीज बखरकार व दुसरीकडे प्रत्यक्ष दगड, अशीं दोन साधनें समोरासमोर ठेविलीं. ग्रंथास सतरा छायाचित्रें, नऊ शिळाछाप चित्रें व एक नकाशा जोडलेला आहे. छायाचित्र ही त्या काळीं खर्चाची व खटपटीची बाब होती. परंतु तीमुळेंच एकोणिसाव्या शतकांत वसईच्या भिंती कशा उभ्या होत्या हें आज आपणांस पाहावयास मिळतें.

वसईचा पोर्तुगीज अमल इ. स. १५३४ च्या २३ डिसेंबर रोजीं गुजराथचा सुलतान बहादुरशहा व गव्हर्नर नुनो द कुन्हा यांच्यामध्यें झालेल्या तहापासून सुरू होतो. किल्ल्यांतील आरंभकाळच्या लेखांत, हा दुर्ग बांधणारा पहिला कप्तान गार्सिया द सा असून गव्हर्नर नुनो द कुन्हा यांच्या आज्ञेनें इ. स. १५३६ सालीं तें काम झालें, असा आशय आहे. सेंट सेबॅस्टियन बुरुजाच्या लेखांत इ. स. १५५४ सालचा उल्लेख आहे. सेंट जोसेफच्या मुख्य देवळाच्या लेखांत इ. स. १६०१ सालीं, आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या कारकीर्दींत, पेद्रु गालांव पेरेरा हे व्हिकार असतां देवळाचा जीर्णोद्धार झाल्याचें सांगितलें आहे. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन, जेझुइट इत्यादि पंथांच्या मठांतून फरशीवर थडग्यांचे दगड आहेत; त्यांवर मृताचें नांव, हुद्दा, मृत्यूचें वर्ष व पुष्कळदां ‘ही कबर अमक्याची व त्याच्या वारसांची’ अशा अर्थाचें ठराविक वाक्य असतें.

हे लेख वाचणें दिसतें तितकें सोपें नाहीं. शब्दांचीं संक्षिप्त रूपें, एकांत एक गुंतविलेलीं अक्षरें, झिजलेले आंकडे व छत्र नसलेल्या देवळांत दरसाल पडणारा कोंकणचा पाऊस, इतक्यांतून वाट काढावी लागते. द कुन्हा यांस पोर्तुगीज भाषा घरची, बखरी पाठ, आणि नाण्यांवरील झिजलीं अक्षरें वाचण्याची डोळ्यांस संवय. म्हणून हें काम त्यांच्या हातून झालें. ज्या दगडांवरील अक्षरें त्यांच्या मागून पुसट झालीं किंवा जे दगड जागेवरून हलले, त्यांच्याबाबतींत त्यांचें वाचन हाच आज पुरावा होय. आधारांचा तिसरा प्रकार म्हणून आम्हीं वर सांगितला तो हाच.

ग्रंथाची उणीवही सांगितली पाहिजे. इ. स. १७३९ च्या मोहिमेसंबंधानें द कुन्हा यांची भिस्त पोर्तुगीज व इंग्रजी वृत्तांतांवर आहे. त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं; मराठी कागद त्या वेळीं रुमालांतच होते. ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार पारसनिसांनीं इ. स. १९०० मध्यें प्रसिद्ध केला, महिकावतीची बखर राजवाड्यांनीं १९२४ सालीं छापिली, पेशवेदप्तरांतील वसईच्या मोहिमेचा खंड सरदेसायांच्या संपादकत्वाखालीं १९३०-३४ या दरम्यान निघालेल्या मालेंत आला, य. न. केळकरांचें ‘वसईची मोहीम’ हें पुस्तक १९३७ चें. आणि पिसुर्लेंकरांचा पोर्तुगेज-मराठे संबंधांवरील मराठी ग्रंथ १९६७ चा. या साधनांवांचून वेढ्याची मराठी बाजू लिहिणें शक्यच नव्हतें. ग्रांट डफ मराठ्यांची हानि त्यांच्याच कबुलीप्रमाणें पांच हजारांवर व पोर्तुगीजांची आठशें सांगतो; असे आंकडे मोर्च्यांवरून लिहिलेल्या पत्रांशीं ताडून पाहिल्याखेरीज पुढील लेखकांनीं उतरून घेऊं नयेत.

तिथीविषयींही एक सूचना येथें करणें अवश्य आहे. किल्ला खालीं करून देण्याचा करार पोर्तुगीज कालगणनेनें इ. स. १७३९ च्या १६ मे रोजीं झाला. इंग्रज त्या वेळीं जुन्या पद्धतीनें तारखा लिहीत असल्यामुळें त्यांच्या कागदांत तोच दिवस ५ मे म्हणून पडतो. अंतर अकरा दिवसांचें. मराठी पत्रांत शके १६६१ सिद्धार्थी संवत्सराचा वैशाख मास येतो. हें न जाणतां तिन्ही कागद एके ठिकाणीं ठेवणारास एकाच प्रसंगाचे दोन प्रसंग झालेले दिसतात. द कुन्हा यांच्या ग्रंथांतील तारीख घेतांना ती कोणत्या साधनांतून आली हें आधीं पाहावें, नंतर ती उतरावी.

४. आधारांचा प्रवास

आतां या ग्रंथाचा आधार पुढें कसा चालला तें पाहूं. इ. स. १८८२ सालीं मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाण्यासंबंधींचे खंड निघाले. त्यांत वसईच्या वर्णनाखालीं द कुन्हा यांचा ग्रंथ वारंवार नांवानें उल्लेखिलेला आहे. गॅझेटियरकारांनीं ऋण लपविलें नाहीं. परंतु गॅझेटियर हा सरकारी व सर्वत्र मिळणारा ग्रंथ. त्यामुळें पुढील प्रवासवर्णनें, मार्गदर्शिका व शाळोपयोगी पुस्तकें यांनीं गॅझेटियर उघडलें, तळटीप वगळली व मजकूर घेतला. अशा रीतीनें विधान राहिलें आणि विधान करणारा नाहींसा झाला. वसईच्या बुरुजांचीं व मठांचीं नांवें आज पुष्कळांच्या तोंडीं आहेत. तीं प्रथम एकत्र कोणीं मांडलीं हें विचारल्यास उत्तर देणारे थोडे. संख्येनें मोजणाऱ्यास हे आधार कधींच सांपडणार नाहींत.

याच्या उलट मुंबईवरील ग्रंथाचें झालें. एस. एम. एडवर्ड्स यांनीं १९०२ सालीं मुंबईच्या उत्कर्षाचा इतिहास लिहितांना, व १९०९ च्या मुंबई शहराच्या गॅझेटियरांत, द कुन्हा यांचा आधार उघडपणें घेतला. मुंबईचा कोणताही इतिहासकार आज त्यांचें नांव टाळूं शकत नाहीं. वसईच्या शिलालेखांचें काम ब्राझ फर्नांडिस यांनीं पुढें चालविलें. वसई किल्ल्यांतील चिन्हें व लेख यांवरील त्यांचा ग्रंथ लिस्बन येथें १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. पूर्वसूरीचें वाचन घेऊन दगडापुढें पुन्हां उभें राहणें व त्यांत भर घालणें, हाच खरा आधार. नुसतें उतरून घेणें हा आधार नव्हे, ओझें वाहणें होय.

५. सह्याद्रिखंडाची संहिता

हस्तलिखितसंग्राहकांस द कुन्हा यांचें दुसरें कार्य अधिक जवळचें वाटेल. स्कंदपुराणांतर्गत म्हणून समजल्या जाणाऱ्या सह्याद्रिखंडाची संहिता त्यांनीं इ. स. १८७७ सालीं प्रथम छापिली. निरनिराळ्या ठिकाणांहून मिळविलेल्या चौदा पोथ्या ताडून व पाठभेद देऊन ही आवृत्ति सिद्ध केलेली आहे. परशुरामानें समुद्र हटवून घेतलेली भूमि, पंचगौड व पंचद्रविड, कोंकणांतील ब्राह्मणज्ञातींची उत्पत्ति, पतित ठरविलेलीं ग्रामें, असे वादाचे विषय तींत आहेत. परशुरामक्षेत्राचा विचार निघाला कीं शूर्पारक, म्हणजे विरार-वसईमधील सोपारें, हें स्थान आपोआप पुढें येतें. म्हणून या पोथीचा वसई प्रांताशीं निकट संबंध आहे.

ही पोथी जवळ बाळगणें एके काळीं निर्धोक नव्हतें. तींतील कांहीं प्रकरणें चित्पावनांस अप्रिय असल्यामुळें तिच्या प्रती दडपल्या वा नष्ट केल्या जात, आणि वाई येथील एका प्रतिष्ठित ब्राह्मणास एक प्रत बाळगल्याबद्दल दुसऱ्या बाजीरावाकडून अप्रतिष्ठा सोसावी लागली, असें ग्रांट डफनें नमूद केलें आहे. अशा ग्रंथाच्या चौदा प्रती गोळा करणें म्हणजे चौदा घरांचा विश्वास संपादन करणें. एकदां छापली गेल्यावर पोथी दडपण्याचा मार्ग बंद झाला. पुढील वादांत प्रत्येक पक्षानें याच आवृत्तीचा हवाला दिला. अनुकूल वचनें प्रमाण, प्रतिकूल तीं प्रक्षिप्त, असा न्याय लावण्यासही दोहों पक्षांस पुस्तक एकच लागलें.

पंडितांनींही तिचा त्याग केलेला नाहीं. स्टीफन लेव्हिट यांनीं या खंडांतील पातित्यग्रामनिर्णय या भागाचा स्वतंत्र अभ्यास करून इ. स. २०१७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. माधव देशपांडे यांनीं २०१० सालीं पंचगौड व पंचद्रविड या विभागणीचा शोध घेतांना हीच आवृत्ति पुढें ठेविली. गजाननशास्त्री गायतोंडे यांची मराठी भाषांतरासह आवृत्ति मुंबईस १९७१ सालीं निघाली. तथापि आधुनिक पाठचिकित्सेच्या दृष्टीनें १८७७ ची आवृत्ति अपुरी आहे, हें स्पष्ट म्हटलें पाहिजे. निरनिराळ्या काळीं रचिलेलीं माहात्म्यें तींत एका धाग्यांत ओंवलेलीं आहेत, आणि सव्वाशेंहून अधिक वर्षें विद्वान् जिचा हवाला देत आले ती संहिता पोथ्यांच्या एका विशिष्ट समूहावर उभी आहे. आधार जितके वाढतात तितकी मूळ आवृत्ति पक्की वाटूं लागते. वास्तविक आधारांच्या संख्येनें पाठ शुद्ध होत नाहीं.

६. एक पूर्वोदाहरण

वसई प्रांताशीं संबंध असलेला दुसरा एक वैद्य-संशोधक द कुन्हा यांच्या पूर्वीं तीनशें वर्षें होऊन गेला. गार्सिया द ओर्ता हा इ. स. १५३४ सालीं हिंदुस्थानांत आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा त्यानें उपचार केला, आणि इ. स. १५५४ च्या सुमारास वसईच्या अमलाखालील मुंबई बेट त्यास खंडानें मिळालें. हिंदुस्थानांतील औषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ गोव्यास इ. स. १५६३ सालीं छापला गेला. निशोत्तर हें औषध खंबायत, सुरत, दीव व वसई या प्रांतीं विपुल होतें असें तो सांगतो. पटकीच्या विकाराचें वर्णन करतांना आपला ‘मोडशी’ हा शब्द त्यानें पोर्तुगीज वळणानें नोंदला आहे. मुंबईच्या उत्पत्तीवरील ग्रंथांत द कुन्हा यांनीं या वैद्याचा आदरानें परामर्श घेतला आहे.

ओर्ताच्या ग्रंथाचा प्रवास बोधप्रद आहे. क्लुसियसनें १५६७ सालीं त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्प येथें काढिला, आणि युरोपांत मूळ पोर्तुगीज ग्रंथापेक्षां हा संक्षेपच अधिक वाचला गेला. क्रिस्तोव्हाल आकोस्ता या वैद्य व शस्त्रवैद्यानें १५७८ सालीं स्पेनांतील बुर्गोस येथें तोच विषय चित्रांसह पुन्हां मांडला. त्याच्या ग्रंथाचा पाया ओर्ताचाच आहे. ओर्ता १५६८ सालीं वारला. पुढील वर्षीं त्याची बहीण कातारीना हिला गोव्याच्या इन्क्विझिशननें ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळिलें, व १५८० सालीं ओर्ताचीं हाडें उकरून जाळण्यांत आलीं. हा वृत्तांत सिल्व्हा कार्व्हाल्यो यांनीं १९३४ सालीं उजेडांत आणला. तोंपर्यंत द कुन्हा यांस निवर्तून चौतीस वर्षें झालीं होतीं. धर्मन्यायाधीशांनीं ओर्ताचीं हाडें नाहींशीं केलीं, परंतु दूरदेशच्या ग्रंथांतून चाललेले त्याचे आधार त्यांस पुसतां आले नाहींत. मात्र ज्या वैद्यांनीं, माळ्यांनीं व कुणब्यांनीं त्यास आमच्या वनस्पतींचीं नांवें सांगितलीं, त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें कोणत्याच ग्रंथांत आलीं नाहींत. आधारांच्या हिशेबांत ही शिल्लक नेहमींच बाकी राहते.

७. उपसंहार

वरील विवेचनाचें तात्पर्य हें कीं, द कुन्हा यांच्या संशोधनाचा प्रभाव त्यांच्या नांवाच्या उल्लेखांपेक्षां फार मोठा आहे. आणि तितक्याच प्रमाणांत त्यांचें काम पुन्हां तपासण्याचें ऋण आम्हां सर्वांवर आहे. पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत व इ. स. २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत असलेल्या या प्रांतीं वसई-विरार हें मोठें नगर झपाट्यानें वाढलें आहे. जुनीं घरें मोडतांना माळ्यावरील पेट्या रिकाम्या होतात, आणि पोथ्या व कागद रद्दीच्या वाटेस लागतात.

म्हणून तीन कामें तातडीनें व्हावींत असें आम्हांस वाटतें. पहिलें, द कुन्हा व फर्नांडिस यांचीं वाचनें हातीं घेऊन किल्ल्यांतील प्रत्येक लेखापुढें जावें. लेख आहे, झिजला आहे, कीं नाहीं, याची छायाचित्रांसह यादी करावी. दुसरें, सह्याद्रिखंडाच्या व सोपारें, निर्मळ, तुंगारेश्वर या क्षेत्रांच्या माहात्म्यांच्या पोथ्या ज्या घराण्यांत असतील त्यांनीं निदान आदि-अंतीच्या पानांची नक्कल व लेखनकाल संशोधकांस कळवावा. पोथी घरांतून हलविण्याची गरज नाहीं. तिसरें, वसईवर लिहिणाऱ्यांनीं गॅझेटियरच्या मागें एक पाऊल जाऊन मूळ ग्रंथाचें नांव घ्यावें. पहिल्या दोन कामांस द्रव्य व श्रम लागतील; तिसऱ्यास केवळ प्रामाणिकपणा पुरेल.